घड्याळ सगळ्यात शेवटी

कोल्हापूरच्या शनिवार पेठेतल्या त्या जुन्या घरात आम्ही गेलो तेव्हा घड्याळ आधीच येऊन पडलं होतं. आज्जींच्या मुलानं पुण्याहून पाठवलेलं, माणूस पडला की आपोआप फोन लावणारं, खोकंही न फोडलेलं. आज्जी 78 वर्षांच्या. चार महिन्यांत दोनदा पडलेल्या, एकदा न्हाणीच्या उंबऱ्याशी आणि एकदा पहाटे पलंगाजवळ. सूनबाईंची मागणी साधी होती, "एवढं चालू करून द्या, बास." आम्ही ते खोकं तिसऱ्या आठवड्यात उघडलं.

पडणं थांबवायचं काम घड्याळ करत नाही. ते पडल्यावर कळवतं, आणि तेही जोरात आपटल्यावर. आतल्या सेन्सरला पडताना क्षणभर वजन नाहीसं झाल्यासारखं दिसतं, लगेच आदळल्याचा मोठा झटका बसतो आणि मग हालचाल बंद होते. या तीन खुणा पाठोपाठ आल्या तर घड्याळ "पडले" म्हणतं. आज्जी पहाटे पलंगाच्या कडेवरून चादरीसकट हळूहळू घसरत खाली बसल्या होत्या. त्यात आपटणं नव्हतंच. घड्याळ हातात असतं तरी गप्प बसलं असतं. म्हणून आधी मोजमाप, मग उजेड, मग न्हाणी, मग पायांतली ताकद, आणि घड्याळ सगळ्यात शेवटी, असा क्रम ठरला.

पहिल्या दिवशी नुसती विचारपूस. कुठं पडलात, किती वाजता, काय करता करता, पायांत काय होतं, शेवटची गोळी कधी घेतली होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नेमकं झालं काय? "पाय सटकला", "पाय अडखळला", "डोळ्यापुढं अंधारी आली" आणि "गुडघ्यानं साथ सोडली" ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चौघांचे उपाय वेगळे. घरचे मात्र चारही वेळा "चक्कर येऊन पडली" असंच सांगतात, म्हणून हा प्रश्न आज्जींनाच विचारायचा, तोही सूनबाई चहा टाकायला आत गेल्यावर.

मग उठून-चालून बघायची चाचणी. ही 1991 पासून जगभर वापरात आहे आणि तिला खुर्ची, टेप आणि फोन एवढंच लागतं. बैठक साधारण 45 सेंटिमीटर उंच, हात असलेली खुर्ची. तिच्यापासून 3 मीटरवर फरशीवर चिकटपट्टी. "चला" म्हटलं की उठायचं, नेहमीच्या चालीनं पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. आज्जींना 17 लागले.

या चाचणीत चुका ठरलेल्या असतात. वेळ "चला" म्हटल्यापासून धरायची असते, लोक खुर्ची सुटल्यापासून धरतात आणि दोन-तीन सेकंद गायब होतात. प्लास्टिकची खुर्ची शहाबादीवर मागं सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवायची. आणि दारात नातवंडं "पळ आज्जी, पळ" म्हणत उभी असतील तर ती चाचणी रद्द. फोन स्टुलावर, कमरेच्या उंचीला, बाजूनं सगळी चाल दिसेल असा ठेवून आम्ही व्हिडिओ घेतो. नुसत्या स्टॉपवॉचवर एक आकडा मिळतो. व्हिडिओ सावकाश लावला की आज्जी वळताना सहा बारीक पावलं टाकतात आणि उठताना दोन्ही हातांवर जोर देतात हे दिसतं. सरळ चालीत त्या चांगल्या होत्या, सगळा वेळ उठण्यात आणि वळण्यात जात होता. हातांची छातीवर घडी घालून 30 सेकंदांत त्या खुर्चीतून सहाच वेळा उठू शकल्या. 75 ते 79 वयाच्या बाईला दहाच्या खालचा आकडा कमी समजतात.

त्यानंतर रक्तदाब, पण आडवं आणि उभं असा. पाच मिनिटं पडून राहायचं, एक माप. मग उभं राहून एका मिनिटाला दुसरं, तीन मिनिटांना तिसरं. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर उठताना रक्तदाब कोसळतोय असं समजायचं. घरातलं डिजिटल यंत्र यासाठी चालतं, फक्त पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, पोलक्याच्या बाहीवर नाही. खरी फसगत उभं असताना होते. हात खाली लोंबत ठेवला तर पट्टा हृदयाच्या खाली जातो आणि दर इंचामागं साधारण 2 अंक जास्त दिसतात. म्हणजे जो उतार शोधायचा तोच झाकला जातो. कोपराखाली हात धरून दंड छातीच्या उंचीला ठेवा, मग मापा. आज्जींचा वरचा आकडा पडून 146 होता, उभं राहिल्यावर एका मिनिटात 118. पहाटेच्या घसरण्याचा धागा तिथं सापडला.

सात दिवस सकाळी-रात्री अशी मापं घेऊन, यंत्राच्या पडद्याचा वेळेसकट फोटो सूनबाई व्हॉट्सॲपवर टाकत गेल्या, आणि तो सगळा गठ्ठा त्यांच्या डॉक्टरांकडं नेला. डॉक्टरांनी एका गोळीचा डोस उतरवला आणि एकीची वेळ बदलली. कोणती ते लिहीत नाही, कारण वाचून कुणीतरी आपल्या डब्यातल्या गोळ्या हलवणार. झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, यांपैकी काहीही चालू असेल तर मापं घेऊन जा आणि विचारा, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात हालचाल ओळखणारे तीन छोटे सेन्सर लावले. एक पलंगाखाली, एक बोळात, एक न्हाणीच्या दाराशी. हे गजरासाठी नव्हते, मोजणीसाठी होते. रात्री किती वेळा उठणं होतं हे माणूस स्वतः कधीच बरोबर सांगत नाही. आज्जी "एखादा वेळ" म्हणाल्या होत्या, नोंदीत तीन-चार वेळा निघालं, बहुतेक दोन ते साडेचारच्या दरम्यान. पलंगाखालचा सेन्सर फरशीपासून वीतभर उंच, बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवायचा, म्हणजे त्याला खाली टेकलेले पाय दिसतात, कूस बदललेली दिसत नाही.

पहिल्या दोन रात्री बोळातल्या सेन्सरनं चाळीसेक फेऱ्या दाखवल्या. आज्जी नव्हे, पाल. हे सेन्सर उष्णतेतला बदल टिपतात आणि पाल सेन्सरच्या भिंगावरूनच सरपटत गेली की त्याला माणूस गेल्यासारखंच वाटतं. जुन्या घरांत पाल हटवणं आपल्या हातात नाही. म्हणून हबमध्ये, म्हणजे सगळे सेन्सर जोडणाऱ्या डब्यात, नियम घातला की आधी पलंगाखालचा आणि त्यानंतर दोन मिनिटांच्या आत बोळातला, असे दोन्ही लागले तरच ती एक फेरी धरायची. पाल सहसा या क्रमानं जात नाही. खिडकीतून ऊन थेट पडणारी जागाही याच कारणानं टाळावी.

याच सेन्सरवर उजेड जोडला. पलंगाच्या पाटाखाली पिवळसर एलईडी पट्टी, बोळात गुडघ्याच्या उंचीला दोन मंद दिवे. पांढरा झगझगीत दिवा नको, तो डोळे दिपवतो आणि परत अंधारात आल्यावर काहीच दिसत नाही. इथं एक गोष्ट जरूर तपासा: सेन्सर आणि दिवा यांचा निरोप घरातल्या घरात जातो की इंटरनेटवरून फिरून येतो? फिरून येत असेल तर दिवा लागायला दोन-तीन सेकंद जातात, तोवर माणूस अंधारात चार पावलं पुढं गेलेला असतो. हब घरातल्या घरात नियम चालवणारा नसेल तर काही शे रुपयांचा, प्लगमध्ये बसणारा साधा सेन्सर-दिवा त्याच्यापेक्षा शंभरपट बरा. त्याला वायफाय लागत नाही, ॲप लागत नाही, पासवर्ड विसरत नाही.

वीज हा इथला वेगळा विषय. राऊटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, तो तीन-चार तास काढतो. पावसाळ्यात रोजची ये-जा त्यानं निभावते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तसं काही झालं तर निभावणार नाही. म्हणून पेठांतल्या घरात आम्ही एक तरी गोष्ट अशी ठेवतो की जी नुसत्या सेलवर चालते आणि शेजाऱ्याच्या घरात वाजते.

आता न्हाणी. इथं वेळ गेला तेवढा कुठंच गेला नाही.

उंबरा 11 सेंटिमीटरचा. काढायचा विचार सगळ्यांनाच सुचतो, पण तोच पाणी अडवतो. काढला तर ओली फरशी बोळापर्यंत येते. तो ठेवला, त्याच्या वरच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा पट्टा ओढला आणि चौकटीशेजारी उभी धरपट्टी बसवली. दुसरी आडवी, नळाशेजारी. पाइप 32 ते 38 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे मूठ पूर्ण मिटते. भिंतीपासून अंतर 38 मिलिमीटर, त्याहून जास्त ठेवलं तर हात आत घसरून मनगट अडकतं. आडवीची उंची फरशीपासून 84 ते 91 सेंटिमीटर. रबरी वाटीनं चिकटणाऱ्या धरपट्ट्या लावू नका. साबणाच्या वाफेत त्या कधी सुटतील याचा नेम नसतो, आणि सुटतात त्या भार पडल्यावरच.

गवंड्यानं नेहमीचा रावळ प्लग ठोकला आणि स्क्रू आवळला तसा सगळा पांढऱ्या मातीचा भुगा बाहेर आला. टाइल नवी, पण आतली भिंत जुनी. अशा भिंतीला आरपार भोक पाडून पलीकडून लोखंडी पत्रा देऊन नटबोल्ट आवळावा लागतो. तसंच केलं. मग आमच्यातला 85 किलोचा माणूस धरपट्टीला दोन्ही हातांनी लोंबकळला. हे नाटक वाटतं, पण ज्या पट्टीला आपण लोंबकळायला धजत नाही ती आज्जींना धरायला सांगू नये.

फरशीवर तेल-साबणाचा थर होता, तो ब्रशनं घासून काढला. भोकांची रबरी चटई घातली तर ती रोज उचलून उभी करायची. खाली शेवाळ धरलं की चटईच घसरगुंडी होते. आणि पायताण. आपल्याच गावचं म्हणून सांगायला जिवावर येतं, पण कातडी तळाचं, मागं पट्टा नसलेलं कोल्हापुरी ओल्या फरशीवर वाईट. ते बाहेर जाताना घाला. घरात रबरी तळाचं, मागून धरणारं. दुहेरी नंबरचा चष्माही पायरी उतरताना खालची कड पुसट दाखवतो, तेही ध्यानात ठेवा.

मदतीची दोरी न्हाणीत लावली. बिनतारी बेलचं बटण वर, त्याला नायलॉनची दोरी, दोरीला दोन कडी: एक 90 सेंटिमीटरवर, दुसरं फरशीपासून फक्त 10 सेंटिमीटरवर. खालचं कडंच कामाचं, कारण पडलेला माणूस हात वर करू शकेलच असं नाही. आज्जींना फरशीवर टॉवेलवर बसवून ते ओढायला लावलं. बेलचा एक डबा माजघरात, एक खालच्या शेजाऱ्यांकडं. न्हाणीची आतली कडी त्याच दिवशी काढून टाकली आणि दाराला बाहेरून उघडणारं लॅच बसवलं. आतून कडी लावलेली असेल तर पुण्यात काय आणि दारात काय, कळून उपयोग नाही.

मुलाची इच्छा रडारची होती. भिंतीवर बसणारा, 60 गिगाहर्ट्झवर चालणारा, कॅमेरा नसलेला डबा. माणूस फरशीच्या पातळीला गेला की ओळखतो. कल्पना चांगली, पण ती खुर्ची-टेबलाच्या घरासाठी आखलेली. आपल्याकडं माणूस पाटावर बसून अंघोळ करतो, खाली बसून भाजी निवडतो, जेवायला मांडी घालतो. न्हाणीत लावल्या दिवशी रडारनं दोन वेळा "पडल्या" असं कळवलं, दोन्ही वेळा आज्जी पाटावर बसून पाय घासत होत्या. शिवाय छताचा पंखा त्याला हलणारं माणूस वाटतो, आणि वाऱ्यानं हलणारा पडदाही. शेवटी तो झोपायच्या खोलीत गेला, रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच चालू, पंख्याचा भाग त्याच्या नकाशातून वगळून. उन्हाळ्यात खाली गादी टाकून झोपणार असाल तर तेवढाही उपयोग राहत नाही.

कॅमेरा आम्ही लावत नाही, न्हाणीत नाहीच आणि झोपायच्या खोलीतही नाही. सेन्सर लावतानाही परवानगी मुलाची नाही, ज्यांच्या घरात लावतोय त्यांची. आज्जींनी विचारलं, "म्हंजे मी रात्री किती खेपा उठले ते त्येला पुण्यात दिसणार?" दिसणार होतं. मग बदललं: नोंद फक्त सूनबाईंच्या फोनवर, पंधरा दिवसांनी पुसायची, मुलाकडं फक्त धोक्याचा निरोप.

व्यायाम तोवर सुरू झाला होता. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ओटागो पद्धत आम्ही धरतो: आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास, शिवाय जमेल तसं चालणं. बरेच वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटल्याचं निघालं; घड्याळाला असं काही जमत नाही. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, चवडे उचलणं, बाजूला पाय नेणं, एकापुढं एक पाऊल लावून उभं राहणं, खुर्चीतून हात न लावता उठणं. घोट्याला बांधायला अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल. फोन दोन मीटर लांब, कमरेच्या उंचीला, ओटा आणि पावलं दोन्ही दिसतील असा. मोजणी करणारं ॲप लावून पाहिलं, ते नऊवारीपुढं हरलं. त्याला गुडघे दिसावे लागतात. मोजायला जपाची माळ पुरली.

मग घड्याळाचं खोकं उघडलं. ॲपलच्या घड्याळात पडणं ओळखायची सोय 2018 च्या सिरीज 4 पासून आहे आणि नोंदवलेलं वय 55 किंवा जास्त असेल तर ती आपोआप चालू होते. इतर बऱ्याच घड्याळांत हातानं चालू करावी लागते. आज्जींच्या घड्याळात ती बंदच आलेली. चालू केली, तशी आज्जींची पहिली प्रतिक्रिया, "मला कशाला बांधतायसा हे? मी काय चोर हाय?"

हातात बांगड्या, म्हणून पट्टा बांगड्यांच्या वर, कोपराकडे दोन बोटं. सैल राहिला तर घड्याळ फिरतं आणि वाचन बिघडतं. चार्जिंगची वेळ संध्याकाळी सात ते आठ, टीव्हीसमोर बसल्या जागी. रात्री नाही, कारण धोका पहाटे आहे. अंघोळीला त्या ते काढून ठेवणारच, म्हणून न्हाणी दोरीच्या भरवशावर.

फोन कुणाला जावा याचा क्रम सगळ्यांत जास्त चुकतो. पहिलं नाव मुलाचं घालतात, आणि मुलगा 230 किलोमीटरवर. पहिलं नाव ज्याच्याकडं घराची किल्ली आहे त्याचं: खालचे शेजारी. दुसऱ्या सूनबाई, तिसरा मुलगा. 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 मोठ्या अक्षरांत भिंतीवर. अँड्रॉइड फोनमध्ये घड्याळाच्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर फोन त्याला मागच्या मागं बंद करतो; "डू नॉट डिस्टर्ब"मधून ही तीन नावं वगळा. फोन अपडेट झाला की दोन्ही पुन्हा बघा, कारण सेटिंग गुपचूप पूर्ववत होतात.

पहिल्या आठवड्यात तीन खोटे गजर झाले. दोन कपडे धोपटताना, एक आरतीच्या टाळ्यांत. खोटा गजर वाईट नाही, त्याची भीती वाईट. दुसऱ्याच दिवशी भोंगा ऐकून आज्जींनी घड्याळ काढून देवघरात ठेवलं होतं. मग एका दुपारी "मी ठीक आहे"चं बटण त्यांच्याकडून दहा वेळा दाबून घेतलं. कपडे धुताना घड्याळ सूनबाईंच्या हातात, अशी तडजोड झाली.

शेवटचा सराव पडल्यावर उठायचा. गादीवर आडवं, घाई नाही, आधी हातपाय हलवून बघायचे. कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर. रांगत खुर्चीपर्यंत, दोन्ही हात बैठकीवर, बळकट पाय पुढं, वर. आणि पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर उठवायचं नाही, ओढायचं नाही, तेल लावून चोळायचं तर मुळीच नाही. पांघरूण घाला आणि 108. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं असेल तर माणूस हसत बोलत असला तरी दवाखान्यात न्या.

बारा आठवड्यांनी तीच खुर्ची, तीच पट्टी: 13 सेकंद, वळताना चार पावलं. उभ्या-आडव्या रक्तदाबातला फरक 12 वर आलेला. अजून 12 सेकंदांच्या खाली नाहीत, म्हणून तांदूळ अर्ध्या किलोवरून एक किलो केले.

दर महिन्याच्या एक तारखेला सूनबाई सेल बघतात, दोरी ओढून बेल वाजवतात आणि खालच्यांना "आली का?" म्हणून हाक देतात. तिसऱ्या महिन्यात बेल वाजलीच नाही. सेल चांगला होता. फरशी पुसताना मध्ये येते म्हणून कामाच्या बाईंनी दोरी गुंडाळून वर नळाला बांधली होती. आता कडी लाल रंगाची आहेत, आणि दोरीचा अर्थ त्या बाईंनाही फरशीवर बसवून दाखवला आहे.